वैनगंगाखोऱ्यांतील जुने तलाव, त्यांतील जीवसृष्टि व जीर्णोद्धाराचा प्रश्न

(१) प्रश्नाचें स्वरूप

आपल्या इतिहाससंशोधनांत सनदा, शकावल्या व वंशावळी यांस जें स्थान मिळालें, तें तळ्यांस अद्याप मिळालेलें नाहीं. किल्ल्याचा एखादा बुरूज ढासळला तर त्याची हळहळ करणारे व नोंद ठेवणारे अभ्यासक निघतात. परंतु दोन-तीनशें वर्षें गांवाचें पोषण करणाऱ्या तळ्याची पाळ फुटली, तर ती वार्ता बहुधा तलाठ्याच्या दप्तरापलीकडे जात नाहीं. वास्तविक पाहतां किल्ला हा कांहीं पिढ्यांच्या सत्तेचा साक्षी असतो, आणि तळें हें शेंकडों पिढ्यांच्या अन्नपाण्याचें. या उपेक्षेमुळें एक व्यावहारिक अडचण आज उत्पन्न झाली आहे. तिचा विचार करावा हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे चार जिल्हे आणि नागपूर जिल्ह्याचा कांहीं भाग मिळून जो वैनगंगेच्या खोऱ्याचा प्रदेश होतो, त्यांत जुने मातीचे तलाव सुमारें साडेसहा ते सात हजार आहेत. सरकारी भाषेंत त्यांस ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात. याच नांवाचें संक्षिप्त रूप ‘मामा तलाव’ असें रूढ झालें आहे. गेल्या कांहीं वर्षांत या तलावांचा गाळ काढणें, पाळी बळकट करणें इत्यादि कामें हातीं घेण्यांत आलीं आहेत. ही गोष्ट इष्टच आहे. परंतु कोणत्याही वास्तूचा जीर्णोद्धार करावयाचा म्हणजे ती मूळची कशी होती व कशासाठीं होती, हें आधीं ठरवावें लागतें. तळें म्हणजे अमुक घनफूट पाणी सांठविण्याचें भांडें, असें मानलें तर जीर्णोद्धार एका तऱ्हेचा होईल. तळें म्हणजे धान, मासा, बेडूक, पक्षी, गुरें व माणसें या सर्वांचें एकत्र वसतिस्थान, असें मानलें तर तो निराळ्या तऱ्हेचा होईल. यांपैकीं कोणती कल्पना ऐतिहासिक सत्यास धरून आहे, हें पाहावयाचें आहे.

(२) तडागविषयक प्राचीन कल्पना

तळें बांधणें व मोडलेलें तळें पुन्हां बांधणें, ही दोन्ही कृत्यें आपल्याकडे फार प्राचीन काळापासून सारख्याच योग्यतेचीं मानलीं गेलीं आहेत. याचें ठळक प्रमाण म्हणजे जुनागडच्या खडकावरील महाक्षत्रप रुद्रदामन् याचा लेख. गिरनारच्या पायथ्याचें सुदर्शन तळें चंद्रगुप्त मौर्याच्या काळीं पुष्यगुप्तानें बांधविलें. अशोकाच्या वेळीं तुषास्फ नांवाच्या यवन अधिकाऱ्यानें त्यास पाट काढले. पुढें शक ७२, म्हणजे इ. स. १५० च्या सुमारास, वादळी पर्जन्यानें त्याचा बंध फुटला. खिंडार इतकें मोठें होतें कीं राजाच्या सल्लागारांनींही हात टेकले व प्रजा हताश झाली. तथापि सुविशाख नामक अमात्यानें तो बंध पूर्वीपेक्षां बळकट करविला. या कामीं प्रजेवर कर अथवा वेठ न लादतां राजानें स्वतःच्या कोशांतून द्रव्य दिलें, असें लेखांत अभिमानपूर्वक नमूद आहे. पुढें पांचव्या शतकाच्या मध्यास स्कंदगुप्ताच्या कारकीर्दींत तो पुन्हां फुटला व चक्रपालितानें पुन्हां बांधला. एका तळ्याचें असें साडेसात शतकांचें चरित्र उपलब्ध असणें हें दुर्मिळ होय. आणि त्यांत नवनिर्मितीइतकाच भाग जीर्णोद्धाराचा आहे, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

दुसरें प्रमाण धर्मग्रंथांतील आहे. मत्स्यपुराणांत तडागाच्या उत्सर्गाचा जो विधि सांगितला आहे, त्यांत तळ्यांत सोडावयाच्या धातूच्या प्रतिमांची यादी येते. सोन्याचे कासव व मगर, चांदीचे मासा व पाणसाप, तांब्याचे खेंकडा व बेडूक आणि लोखंडाचा शिशुमार, अशी ही योजना आहे. ही केवळ कर्मकांडाची हौस नव्हे. तळें पूर्ण झालें याचा अर्थ पाणी भरलें एवढाच नसून, त्यांत राहणारे जीव त्यांत आले असा आहे, ही समजूत या विधीच्या मुळाशीं स्पष्ट दिसते. शिवाय ‘उत्सर्ग’ या शब्दाचा अर्थच स्वामित्व सोडणें असा आहे. जलाशयाचा त्याग सर्व भूतांसाठीं करावयाचा, आणि तदनंतर बांधणाऱ्यानेंही त्याचा उपयोग सर्वांपैकीं एक म्हणूनच करावयाचा. म. म. पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडांत (१९४१) प्रतिष्ठा व उत्सर्ग या विषयाचा साधार ऊहापोह केला आहे. जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा.

वैनगंगाखोऱ्यांतील प्रत्येक तलावाचा उत्सर्ग या विधीप्रमाणें झाला होता, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. तसें प्रमाण आमच्यासमोर नाहीं. पुराणांतील विधि व गोंडवनांतील गांवकऱ्याचा व्यवहार हे एकच होत, असें गृहीत धरणें हा संशोधनांतील दोष होईल. येथें अभिप्रेत आहे तें इतकेंच कीं, तळें हें अनेक जीवांचें घर होय ही कल्पना आधुनिक जीवशास्त्रानें आपणांस नव्यानें शिकविलेली नाहीं.

(३) कोहळी, गोंड राजे व तलावांची परंपरा

या प्रदेशांतील मोठ्या तलावांचें कर्तृत्व मुख्यतः कोहळी जातीकडे जातें. सन १९१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या रसेल व हिरालाल यांच्या मध्यप्रांतांतील जातिजमातींविषयींच्या ग्रंथांत या जातीचा परिचय वैनगंगेच्या खोऱ्यांतील मोठमोठे तलाव बांधणारे म्हणूनच करून दिलेला आहे. धान व ऊंस हीं त्यांचीं आवडतीं पिकें; दोन्ही पाण्याच्या सोयीवांचून होणारीं नव्हत. चांद्याचा एक गोंड राजा काशीयात्रेस गेला असतां परततांना त्यानें या लोकांस बरोबर आणलें, अशी दंतकथा त्याच ग्रंथांत नमूद आहे. दुसरी परंपरा चांद्याचा राजा हीरशहा याच्याविषयींची. जो जंगल तोडून वस्ती करील त्यास जमीन, आणि जो तळें बांधील त्यास त्या तळ्याच्या पाण्यानें भिजेल तितकी जमीन, अशी त्याची आज्ञा होती असें सांगतात.

या दोन कथांचें मूल्य सारखें नाहीं. काशीहून येण्याची कथा अनेक जातींच्या उत्पत्तिकथांच्या सांच्यांतील आहे. तिजवर भार टाकतां येत नाहीं. हीरशहाच्या आज्ञेची गोष्ट निराळी. तिचा काल निश्चित करणें कठीण असलें तरी तिच्यांत जो व्यवहार सांगितला आहे तो जमिनीवर दिसणाऱ्या पुराव्याशीं जुळतो: गांवोगांव तळें, तळ्याखालीं धानाची बांधी, आणि तळें बांधणाऱ्याच्या कुळाकडे पाटिलकी. इ. स. १७५१ त चांद्याचें राज्य रघूजी भोसल्याकडे गेलें, तरी ही रचना मोडली नाहीं. किंबहुना तलाव बांधण्याचें काम पुढेंही चालूच राहिलें.

या परंपरेंतील सर्वांत प्रसिद्ध कृति म्हणजे नवेगांवचा बांध. तो अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें बांधला, असें इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत नमूद आहे. त्यांत तळ्याचा घेर १७ मैल व क्षेत्र ५ चौरस मैल दिलें आहे. भोंवतालच्या टेकड्यांस ‘सात बहिणी’ म्हणतात. या देवतांनीं कोलू पाटलास बांधकामांत साह्य केलें अशी समजूत आहे. स्वतः कोलू पाटील मरणोत्तर ‘कोलासूर’ या नांवानें देवत्व पावला व त्याचें स्थान तेथील एका शिखरावर आहे. लढाईंत पडलेल्या वीरास देवत्व मिळाल्याचीं उदाहरणें आपणांकडे गांवोगांव आहेत. तळें बांधल्याबद्दल देवत्व पावलेला शेतकरी विरळा. सात टेकड्यांमधील खिंडी नेमक्या हेरून व बुजवून एवढें जलाशय निर्माण करणाऱ्या माणसाच्या दृष्टीचें त्याच्या भाऊबंदांस जें आश्चर्य वाटलें, तेंच या दैवतकथेंत उतरलें आहे, असें मानण्यास हरकत नाहीं.

(४) तलावांची रचना व त्यांतील जीवसृष्टि

या तलावांचा विचार एकेकट्याचा करून चालत नाहीं. वरच्या तलावाच्या सांडव्यावरून वाहणारें पाणी खालच्या तलावांत, तेथून पुढील तलावांत व शेतांत, अशी ही मालिका असते. मोठ्या तलावांच्या जोडीस शेताशेतांतून ‘बोडी’ म्हणजे लहान तळीं असतात. मोठा तलाव बारमाही किंवा जवळजवळ बारमाही. बोडी पावसाळ्यांत भरणारी व उन्हाळ्यांत आटणारी. तळ्याची एक बाजू मातीच्या पाळीनें उंच केलेली, व उरलेल्या बाजू जमिनीच्या मूळ उतारानें हळूहळू वर चढत गेलेल्या. पाणी जसजसें ओसरतें तसतशी ओलसर जमिनीची पट्टी उघडी पडते. तीवर गवत येतें, गुरें चरतात, पाणपक्षी चारा शोधतात. उन्हाळ्यांत सुकलेल्या भागांतील गाळ गाड्यांनीं शेतांत नेऊन टाकावयाचा हा जुना परिपाठ. तो एकाच वेळीं खत देणारा व तळें साफ ठेवणारा होता, आणि थोडाथोडा दरवर्षीं होत असल्यानें तळ्याचा आकार त्यानें बिघडत नसे.

या रचनेचा बेडकांच्या जीवनाशीं किती निकट संबंध आहे, हें आतां जीवशास्त्रामुळें स्पष्ट सांगतां येतें. बेडकाची अंडीं व पिलें पाण्यांत वाढतात, व प्रौढ बेडूक बहुतांशीं जमिनीवर राहतो; म्हणून त्यास उथळ कांठ, पाणवनस्पतींचा आडोसा व पाण्यांतून जमिनीवर चढण्यास सोपा उतार, हीं तिन्ही लागतात. मोठे मासे अंडीं व पिलें खाऊन टाकतात. यामुळें ज्या तळ्यांत मासे टिकत नाहींत असें आटणारें तळें बेडकांच्या कित्येक जातींस अधिक मानवतें. पहिल्या मोठ्या पावसाबरोबर पिवळाधमक होऊन ओरडणारा मोठा सोनेरी बेडूक असल्याच साचलेल्या पाण्यांत अंडीं घालतो. झाडावरील बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेंसाचें घरटें करतो, व पिलें खालीं पाण्यांत पडतात. कांहीं जाती उन्हाळाभर कोरड्या मातींत स्वतःस गाडून घेऊन स्वस्थ राहतात. म्हणजे बारमाही तलाव, आटणारी बोडी, धानाची बांधी व कांठचीं झाडें, हीं सर्व मिळून जें एक वसतिस्थान होतें, त्यांतील एक अवयव काढला तर इतरांचें मोल कमी होतें.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांच्या अवलोकनांत नव्हती असें नाहीं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील मंडूकसूक्तांत वर्षभर मौन धरून पावसाबरोबर बोलूं लागणाऱ्या बेडकांची तुलना व्रतस्थ ब्राह्मणांशीं केलेली आहे, व कोरड्या तळ्यांत निश्चेष्ट पडलेल्या बेडकांचाही उल्लेख आहे. खेडोपाडीं अवर्षणाच्या वेळीं काठीस लिंबाच्या डहाळ्यांबरोबर बेडूक बांधून मुलें दारोदार फिरतात, व घरोघरच्या बायका त्यावर पाणी ओततात. ही ‘धोंडी’ची चाल कालपरवांपर्यंत सर्वत्र होती. बेडकास त्यांत सुख नसतें हें खरें. परंतु पाऊस, तळें व बेडूक हीं कुणब्याच्या मनांत एकाच सूत्रांत गोंवलेलीं होतीं, याची ती साक्ष आहे.

(५) मालगुजारी, तिचा अंत व तलावांची अवनति

इ. स. १८५३ त तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर नागपूरचें राज्य खालसा झालें व १८६१ त मध्यप्रांत निर्माण झाला. त्यानंतरच्या जमाबंदींत पूर्वीचे पाटील व इजारदार यांस जमिनीचे मालक ठरविण्यांत आलें. तेच मालगुजार होत. तलावही बहुधा त्यांच्या नांवें लागले. तथापि गांवकऱ्यांचे पाण्यावरील, गाळावरील, गुरांच्या पिण्यावरील हक्क ‘वाजिब-उल्-अर्ज’ नामक गांवच्या रिवाजपत्रांत लिहून ठेवण्याची पद्धति होती. मालगुजारीची व्यवस्था न्यायाची होती असें म्हणण्याचा हेतु नाहीं. पाळीवर माती टाकणारे हात बहुतांशीं गरीब कुळांचे व मजुरांचे होते, आणि पाण्याची वांटणी करणारा शब्द मालगुजाराचा होता. परंतु तळें दुरुस्त न ठेवल्यास स्वतःचेंच धान करपतें, हें त्यास ठाऊक होतें. म्हणून दुरुस्ती होत असे.

सन १९५० च्या कायद्यानें मालकी हक्क नष्ट झाले व ३१ मार्च १९५१ पासून तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हें योग्यच झालें. पण तिच्याबरोबर तळ्याची काळजी घेण्याचें बंधनही गेलें, व त्याच्या जागीं तितकेंच सजीव असें दुसरें बंधन निर्माण झालें नाहीं. १९५६ त विदर्भ मुंबई राज्यांत व १९६० त महाराष्ट्रांत आला. पुढें जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांजकडे व मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे, अशी वांटणी झाली. पाणी एका खात्याचें, मासळी दुसऱ्याच्या ठेक्याची, पाळीवरील झाडें तिसऱ्याचीं, असा प्रकार झाला. पूर्वीं रिवाजानें मिळणाऱ्या पाण्यावर पट्टी द्यावी कीं नाहीं, हाही वाद उत्पन्न झाला.

जीवसृष्टीवरील आघात याच काळांतील. मूळचें दक्षिण अमेरिकेंतील बेशरम हें झुडूप तलावांच्या कांठीं पसरलें. त्यास गुरें तोंड लावीत नाहींत, व जेथें तें माजतें तेथें गवत व पाणवनस्पति नाहींशा होतात. अधिक उत्पन्नासाठीं रोहू, कतला यांसारख्या मोठ्या माशांचें बीज सोडण्यांत आलें; पाणवनस्पति खाणारा परदेशी गवत्या मासाही आला. त्यामुळें स्थानिक लहान माशांचा आडोसा व आहार दोन्ही गेलीं. शेतांतील कीटकनाशकें वाहून पाण्यांत येऊं लागलीं. कित्येक बोड्या बुजवून त्यांचीं शेतें झालीं. बेडकांवर तर आणखी एक संकट होतें. त्यांच्या तंगड्या परदेशीं पाठविण्याचा व्यापार देशांत इतका वाढला कीं दरसाल हजारों टन माल जाऊं लागला. धानावरील किडे खाणारा हा शेतकऱ्याचा विनावेतन नोकर अशा रीतीनें विकला गेला. अखेर १९८७ त या निर्यातीस सरकारनें बंदी घातली.

(६) जीर्णोद्धाराच्या दोन पद्धति

अलीकडे जीं दुरुस्तीचीं कामें होतात त्यांत दोन पद्धति स्पष्ट दिसतात. पहिली यंत्रांची. उन्हाळ्यांत तळें आटलें कीं यंत्रें उतरवावयाचीं, सबंध तळ एकदम खोल करावयाचा, कांठ उभे कापावयाचे व निघालेल्या गाळाचें माप कागदावर मांडावयाचें. पाण्याचा सांठा यानें वाढतो, आणि टंचाईच्या वर्षीं त्याचें मोल मोठें आहे. तें नाकारणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु उभ्या कांठांमुळें उथळ पाण्याची पट्टी नाहींशी होते. मातींत निजलेले बेडूक व कासवें मारलीं जातात. गाळांत पडून असलेलें पाणवनस्पतींचें बीज व कंद उपटून बाहेर जातात. असें तळें पाण्यानें भरतें, पण त्याची वस्ती सुनी राहते.

दुसरी पद्धति भंडारा व गोंदिया जिल्ह्यांत, विशेषतः अर्जुनी मोरगांव तालुक्यांत, ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांनीं व स्थानिक अभ्यासकांनीं आचरून दाखविली आहे. ढिवर हे पिढ्यान् पिढ्या याच पाण्यावर मासे व शिंगाडे यांवर निर्वाह करणारे. कोणत्या वनस्पतीच्या आडोशास कोणता मासा अंडीं घालतो, हें त्यांस पाठ. त्यांनीं प्रथम बेशरम मुळासकट काढलें. नंतर पावसापूर्वीं तळाचा थोडा भाग नांगरून भुसभुशीत केला. पाऊस पडून थोडें पाणी सांठल्यावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, सेरॅटोफायलम अशा पाण्याखालीं वाढणाऱ्या व कुमुदिनीच्या वर्गांतील तरंगत्या पानांच्या स्थानिक वनस्पति त्यांत लावल्या. या कामांत स्त्रियांचा भाग मोठा आहे. जेथें हें निष्ठेनें झालें तेथें स्थानिक मासे पुन्हां दिसूं लागले, त्यांच्यामागोमाग पक्षी आले, व मासेमारांचें उत्पन्नही वाढलें. महाराष्ट्रांत सारस पक्षी आज मुख्यतः गोंदिया जिल्ह्यांत व त्याच्या आसपासच तग धरून आहे. तोही धानाची बांधी व असल्याच उथळ पाणथळ जागा यांच्या आश्रयानें.

या दोन पद्धतींत विरोध असलाच पाहिजे असें नाहीं. गाळ अवश्य काढावा. पण एका वर्षीं तळाचा एकच भाग, म्हणजे उरलेल्या भागांतील जीव पुन्हां पसरतील. पाळीकडील बाजू खोल करावी, वरच्या बाजूचा उतार तसाच राखावा. मोठ्या तलावांत मासे वाढवावेत, पण शेतांतील बोड्या बेडकांसाठीं मासेविरहित व आटत्या राहूं द्याव्यात. जेथें त्या बुजल्या तेथें नव्या खोदाव्यात. आटणारें तळें म्हणजे फसलेलें तळें नव्हे. जुन्या रचनेंत हें सर्व होतें. शास्त्रज्ञ आज जें सांगतात तें पाळीवर उभें राहून पाहणाऱ्यास तेथेंच दिसतें.

(७) उपसंहार

वरील विवेचनावरून इतकें निष्पन्न होतें कीं, वैनगंगाखोऱ्यांतील तलाव हे केवळ पाटबंधाऱ्याचें साधन म्हणून कधींच नव्हते. त्यांत अनेकांचे वांटे होते. त्यांपैकीं कांहीं वांटे कागदांवर लिहिलेले होते, कांहीं रिवाजांत होते, आणि मुक्या प्राण्यांचे वांटे तळ्याच्या आकारांतच राखून ठेवलेले होते. आकार बदलला कीं तो वांटा बुडाला. त्याची दाद मागण्यास बेडूक कचेरींत येत नाहीं.

इतिहासाच्या अभ्यासकांकडे या कामीं एक निश्चित कर्तव्य येतें. गांवोगांवचीं वाजिब-उल्-अर्ज व निस्तारपत्रकें, जमाबंदीचे जुने नकाशे, कोहळी व ढिवर घराण्यांतील कागद, आणि वृद्धांच्या तोंडीं असलेलीं तळ्यांचीं, घाटांचीं व माशांचीं नांवें, हीं साधनें दिवसेंदिवस नष्ट होत आहेत. यंत्र तळ्यांत उतरण्यापूर्वीं त्या तळ्याचा जुना नकाशा व त्यावरील रिवाज यांची नक्कल ग्रामसभेपुढें असेल, तर तळें किती खोल करावें यापूर्वीं तें कोणाकोणाचें आहे हा प्रश्न विचारला जाईल. सुदर्शन तळ्याचा जीर्णोद्धार खडकावर कोरलेला असल्यामुळें आपणांस ज्ञात आहे. आमच्या सहा-सात हजार तळ्यांसाठीं असा खडक नाहीं. त्यांची नोंद कागदावर तरी व्हावी, व ती लवकर व्हावी, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.